हँडल कोठे गेले?
मोटारीचे इंजिन आपोआप थांबविण्या-सुरू करण्याच्या यंत्रणेचा इतिहास



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी मराठी अक्षरे गिरविली, त्याच शाळेने आपल्या दिवंगत विज्ञानशिक्षकांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला बोलवावे, हा मी माझा मोठाच सन्मान समजतो. या व्याख्यानाचा विषय शक्यतो इतिहासाचा असावा असा येथील संकेत आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. माझी तीस वर्षे तंत्रनिकेतनात मोटार अभियांत्रिकी शिकविण्यात गेली. सुरत आणि इतिहास हे दोन शब्द एकत्र आले की आपणा मराठी माणसांना १६६४ आणि १६७० या दोन सालांची आठवण होते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु यंत्रांनाही इतिहास असतो आणि तो आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो. अशाच एका छोट्या यंत्रणेचा इतिहास आज आपल्यापुढे मांडण्याचा माझा विचार आहे.

सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद पडते आणि क्लच दाबताच किंवा ब्रेकवरचा पाय उचलताच पुन्हा सुरू होते, अशा गाड्या आता आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. ही यंत्रणा कितपत भरवशाची आहे आणि तिचे तोटे कोणते, हा आजचा प्रश्न. तो माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही, घरातूनच आला. म्हणून प्रथम ती हकिगत सांगतो.

१. गरनाळ्यातील प्रसंग

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, खानदेशातून ताप्तीकाठच्या रेल्वेने सुरतेस आले. आरंभी काही वर्षे त्यांनी लूमवर काम केले आणि पुढे रिक्षा चालविली. त्या काळच्या रिक्षा चालकाच्या डाव्या हाताशी एक लांब लोखंडी दांडी असे. ती जोराने वर ओढली की इंजिन लागे. आबा तिला हँडल म्हणत. रेल्वेचे फाटक पडलेले दिसले की ते इंजिन बंद करीत, आणि गाडी धडधडत निघून गेल्यावर, फाटक उघडायला सुरुवात होण्याच्या बेतास, हँडल ओढून रिक्षा सुरू करीत. १९७३ साली तेलाचे संकट आले, पेट्रोल महागले, तेव्हापासून ही सवय त्यांच्या अंगवळणी पडली ती कायमची. वाचलेल्या पेट्रोलच्या पैशांत माझ्या वह्या येत, असे ते थट्टेने म्हणत. त्यात थट्टा थोडी आणि सत्य अधिक होते.

सहा-सात वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. आबांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते. एके संध्याकाळी त्यांना श्वासाचा त्रास सुरू झाला, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून दवाखान्यात नेण्यास निघालो. पाऊस मुसळधार होता. लिंबायतच्या बाजूने रेल्वेखालील गरनाळ्यात शिरलो, तो पुढे वाहनांची रांग आणि खाली चढत जाणारे पाणी. मी ब्रेक दाबून थांबलो. इंजिन नेहमीप्रमाणे आपोआप बंद झाले. रांग हलली, मी क्लच दाबला. इंजिन सुरू झाले नाही. किल्ली फिरविली, तर नुसता टिक् टिक् आवाज. मागून भोंगे वाजू लागले. मागच्या आसनावरून आबांनी धाप लागलेल्या आवाजात विचारले, "यानं हँडल कोठे शे?"

लूमच्या कामावरून परतणाऱ्या चार तरुणांनी गाडी ढकलून वर आणून दिली. दुसऱ्या एका गाडीच्या बॅटरीला वायर जोडून इंजिन सुरू केले आणि आम्ही अर्ध्या तासाच्या विलंबाने दवाखान्यात पोहोचलो. आबा त्या दिवशी बचावले. परंतु तो अर्धा तास मी विसरू शकलेलो नाही. ज्या विषयावर मी वर्षानुवर्षे फळ्यावर आकृत्या काढल्या, त्याच विषयाने मला माझ्या वडिलांसमोर निरुत्तर केले होते. या गाडीचे हँडल कोठे गेले, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजे आजचे व्याख्यान होय.

२. हँडल ते सेल्फ

पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनाचा एक मूलभूत स्वभाव आहे: ते स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. वाफेच्या इंजिनात वाफ सोडली की दट्ट्या हलतो. पेट्रोलच्या इंजिनात मात्र आधी कोणीतरी दट्ट्या हलवावा लागतो, हवा आणि इंधन आत ओढून दाबावे लागते, तेव्हा कोठे पहिला स्फोट होतो. सुरुवातीच्या मोटारींत हे काम पुढच्या बाजूस हँडल घालून माणूस करीत असे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याचे भय असे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर बसविण्यात आला आणि हे काम बॅटरीकडे गेले. आपल्याकडे या स्टार्टरला आजही 'सेल्फ' म्हणतात. सेल्फ म्हणजे स्वतः. पण खरे पाहता ते इंजिनाचे 'स्वतः' नव्हे, बॅटरीचे आहे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

सेल्फ आला तरी हँडल लगेच गेले नाही. अँबॅसडर गाड्यांसोबत हँडल मिळे आणि बॅटरी उतरली की पहाटेच्या वेळी गल्लीत हँडल मारण्याचा कार्यक्रम होई, हे येथील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. सेल्फ हा चाकर आणि हँडल हा जामीन, अशी ती व्यवस्था होती. चाकराने दगा दिला तर जामीन उभा राही.

या व्यवस्थेत दिवसाकाठी इंजिन सुरू करावे लागे ते चार-सहा वेळा. स्टार्टर, बॅटरी, इंजिनातील बेअरिंगे हे सर्व त्या हिशेबाने घडविलेले होते. इंजिन चालू असताना बेअरिंग आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे धातूला धातू लागत नाही. इंजिन थांबले की तो थर ओसरतो आणि पुन्हा सुरू होताना क्षणभर घर्षण होते. म्हणजे इंजिनाची झीज चालण्याने होते तितकीच, किंबहुना काही भागांची अधिक, पुन्हा सुरू होण्याने होते.

३. मागाची शिकवण

येथे मी आपणास क्षणभर मोटारीपासून दूर, आपल्या ओळखीच्या यंत्राकडे नेऊ इच्छितो. या सभागृहातील निम्म्या घरांचा तरी यंत्रमागाशी संबंध आलेला असेल. उभा किंवा आडवा धागा तुटला आणि माग चालूच राहिला तर कापड वाया जाते. म्हणून धागा तुटताच माग थांबविण्याच्या युक्त्या एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये निघाल्या होत्या. जपानमधील साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो 'जी' जातीचा स्वयंचलित माग पूर्ण केला, त्यात धोटा बदलण्यासाठी माग थांबवावा लागत नसे आणि धागा तुटला तर मात्र तो आपोआप थांबे. त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने १९२९ साली विकत घेतले. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी पुढे मोटारीचा उद्योग उभारला आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली.

या हकिगतीत आपल्या विषयाची किल्ली आहे. आपोआप थांबणे ही गोष्ट मोटारीआधी मागाला साधली होती. परंतु माग थांबल्यावर काय होई? कारागीर येई, धागा सांधी आणि आपल्या हाताने माग पुन्हा सुरू करी. थांबण्याचा निर्णय यंत्राचा, सुरू करण्याचा निर्णय माणसाचा. शिवाय प्रत्येक लूमवाल्याला ठाऊक आहे की थांबलेला माग पुन्हा सुरू करताना कापडावर एखादी आडवी रेघ उमटते. सुरुवातीच्या एक-दोन फेऱ्यांत मागाचा वेग पुरता आलेला नसतो, थांबलेल्या काळात ताण बदललेला असतो, त्याची ती खूण असते. वीज गेली आणि आली की किती कापडांवर अशा रेघा पडत, हे उधन्याच्या कोणत्याही तपासनिसाला विचारावे.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे ते आमचे गुरुजी प्रयोगशाळेत नेमके हेच पाहावयास शिकवीत. प्रयोग संपल्यावर आम्ही कळ बंद केली की ते ती पुन्हा सुरू करावयास लावीत आणि मग बंद करू देत. बंद झाले एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. पुन्हा लागते की नाही, याची खात्री झाल्यावरच प्रयोग संपला असे ते मानीत. त्या वेळी आम्हांस तो काच वाटे.

४. पन्नास वर्षांची धडपड

१९७३ साली तेल निर्यात करणाऱ्या अरब देशांनी पुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव पिंपास सुमारे तीन डॉलरवरून जवळपास बारा डॉलरवर गेला. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे ही उधळपट्टी आहे, हे त्या वेळी सुरतेच्या रिक्षाचालकाला जसे उमगले तसेच टोकियोच्या अभियंत्यांनाही उमगले. १९७० च्या दशकाच्या मध्यास टोयोटाच्या क्राऊन गाडीवर अशी यंत्रणा बसविण्यात आली, जी गाडी थांबल्यावर सुमारे दीड सेकंदात इंजिन बंद करी. टोकियोच्या रहदारीत केलेल्या चाचण्यांत सुमारे दहा टक्के बचत दिसली. ज्या घराण्याने माग आपोआप थांबविला, त्याच घराण्याच्या कंपनीने मोटारीचे इंजिन आपोआप थांबवावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

त्यानंतर युरोपात प्रयत्न झाले. फोक्सवॅगनने १९८० च्या दशकाच्या आरंभी 'फॉर्मेल ई' गाड्यांवर ही सोय दिली. फियाटने १९८३ साली रेगाटा गाडीची 'ई.एस.' ही आवृत्ती काढली. १९९० च्या दशकात फोक्सवॅगनची गोल्फ 'इकोमॅटिक' आली. यांपैकी एकही गाडी लोकांच्या पसंतीस उतरली नाही. ग्राहकाला आपण चौकात अडकून पडू अशी धास्ती वाटे, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. बॅटरी जुन्याच जातीची होती, स्टार्टर जुन्याच हिशेबाचा होता. थांबण्याची बुद्धी नवी आणि सुरू होण्याची ताकद जुनी, असा तो विजोड संसार होता.

खरी वाट दोन ठिकाणी सापडली. १९९७ साली आलेल्या टोयोटा प्रियसमध्ये गाडी ओढू शकणारी विजेची मोटर आणि मोठ्या दाबाची बॅटरी होती, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गाडी पुढे सरके आणि इंजिन पुन्हा लागले ते चटकन कळतही नसे. दुसरी वाट २००४ साली सित्रोएनच्या सी-३ गाडीने दाखविली. वीज निर्माण करणारा आल्टरनेटर आणि इंजिन फिरविणारा स्टार्टर ही दोन्ही कामे पट्ट्यावर चालणाऱ्या एकाच यंत्राकडे देण्यात आली. २००७ पासून बीएमडब्ल्यूने ही सोय सर्वसामान्य गाड्यांवर पसरविली आणि मग सर्वच कंपन्या या मार्गाला लागल्या.

५. कायद्याचा रेटा

ग्राहकाने न मागितलेली वस्तू एवढी का पसरली, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. त्याचे उत्तर बरेचसे कायद्यात आहे. युरोपीय संघाने २००९ च्या नियमाने नव्या गाड्यांच्या कर्बवायूची सरासरी २०१५ पर्यंत किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणण्याचे बंधन घातले. ही मोजणी रस्त्यावर होत नसे, प्रयोगशाळेतील रुळांवर होई. त्या वेळच्या युरोपीय चाचणीची लांबी ११८० सेकंद, आणि त्यांतील सुमारे २८० सेकंद गाडी उभी असे. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा काळ इंजिन बंद ठेवून गुण मिळविता येत. २०१७ पासून युरोपात नवी चाचणी आली. तिच्यात उभे राहण्याचे प्रमाण सुमारे तेरा टक्केच आहे, आणि त्या मानाने या यंत्रणेचे गुणही घटले. गाडी सुरू केली की यंत्रणा दर वेळी आपोआप चालू स्थितीतच येते आणि नको असेल तर बटण पुन्हा दाबावे लागते, याचेही मूळ येथेच आहे. चाचणीत जी स्थिती मोजली तीच मुळातली स्थिती धरली जाते.

भारतात या यंत्रणेचा प्रवेश २००८ साली झाला तो महिंद्र कंपनीच्या गाड्यांतून, आणि स्कॉर्पिओ ही नाशिकच्या कारखान्यात बनणारी गाडी त्यात होती. २०१४ साली हीरो कंपनीने स्प्लेंडर मोटारसायकलवर ही सोय आणली. न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभे राहिल्यास इंजिन बंद, क्लच दाबताच सुरू. २०१५ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ डिझेल गाडीवर पट्ट्याने चालणारे संयुक्त यंत्र बसविले. अशा गाड्यांना आरंभी केंद्राच्या विद्युत-वाहन प्रोत्साहन योजनेचा लाभ मिळाला. १ एप्रिल २०१७ पासून तो काढून घेण्यात आला. मात्र २०१७-१८ पासून भारतातही कंपन्यांवर सरासरी इंधनवापराचे बंधन आले आणि २०२२-२३ पासून ते अधिक कडक झाले, त्यामुळे यंत्रणा टिकून राहिली.

उलट दिशेचा वाराही वाहिला. २०२१ साली चिपांचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत जनरल मोटर्सने काही गाड्यांतून ही यंत्रणा काढून टाकली आणि ग्राहकास पन्नास डॉलरची सूट दिली. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याच्या प्रमुखांनी, लोकांना ही यंत्रणा आवडत नाही असे सांगून, तिला मिळणाऱ्या सवलतींना हात घालण्याचा मनोदय जाहीर केला. जी वस्तू कायद्याच्या रेट्याने आली तिचे भवितव्यही कायद्याच्याच हाती असावे, यात नवल नाही.

६. भरवशाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही यंत्रणा भरवशाची आहे काय?

पहिली शंका स्टार्टरविषयी घेतली जाते. साध्या गाडीचा स्टार्टर साधारणतः तीस ते पन्नास हजार वेळा इंजिन सुरू करील अशा बेताने बनवितात. या यंत्रणेच्या गाड्यांतील स्टार्टर अडीच ते तीन लाख वेळांच्या हिशेबाने बनवितात. बेअरिंगांवर झीज सोसणारे लेप आले. सारांश, कारखान्यातून निघालेल्या अवस्थेत इंजिन व स्टार्टर या कामास पुरे पडतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

खरा दुबळा दुवा बॅटरी हा आहे, आणि त्याचे कारण लोक समजतात ते नव्हे. पुनःपुन्हा सेल्फ मारल्याने बॅटरी उतरते अशी समजूत आहे. साधा हिशेब करून पाहू. गरम इंजिन सुरू करण्यास समजा २०० अँपिअर प्रवाह अर्धा-पाऊण सेकंद लागला. म्हणजे सुमारे १२० अँपिअर-सेकंद. आता सिग्नलवर इंजिन बंद असताना दिवे, पंखा, वायपर, रेडिओ यांना मिळून ३० अँपिअर लागले आणि गाडी एक मिनिट उभी राहिली. म्हणजे १८०० अँपिअर-सेकंद. पंधरा पट! बॅटरीला सुरुवात थकवीत नाही, वाट पाहणे थकविते. असे वीस थांबे झाले की दहा अँपिअर-तास खर्ची पडले, आणि ते पुढच्या प्रवासात भरून आले पाहिजेत.

साधी शिसे-आम्लाची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देऊन लगेच भरली जाण्यासाठी असते. रोज थोडी-थोडी रिकामी होणे तिला सोसत नाही. म्हणून या गाड्यांना सुधारलेल्या जातीची, किंवा जिच्यात आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेले असते अशी बॅटरी लागते. तिची किंमत साध्या बॅटरीच्या दीडपट-दुप्पट असते. त्यात उष्णतेची भर. तापमान दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा एक ढोबळ नियम आहे. सुरतेच्या एप्रिल-मे महिन्यांत बॉनेटखाली काय तापमान असेल, याची कल्पना आपण करू शकता.

बॅटरीच्या ऋण टोकाजवळ एक संवेदक असतो. तो बॅटरीची अवस्था पाहून इंजिन थांबवावे की नाही हे ठरवितो. इंजिन पुरेसे तापलेले नसेल, ब्रेकची निर्वात शक्ती उणावली असेल, आसनाचा पट्टा लावलेला नसेल, वातानुकूलनाला जोर लागत असेल, तर यंत्रणा इंजिन थांबवीत नाही. गाडी नवी असताना इंजिन थांबे, आता थांबत नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात. बहुतेक वेळा ती यंत्रणेची बिघाडाची नव्हे, सावधपणाची खूण असते: पुन्हा सुरू होण्याची खात्री नाही म्हणून ती थांबतच नाही. आमच्या गुरुजींना हे वागणे पसंत पडले असते.

मग माझी गाडी का फसली? दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाहणी केली. काही महिन्यांपूर्वी बॅटरी बदलताना गॅरेजवाल्याने स्वस्त पडावी म्हणून साध्या जातीची बॅटरी बसविली होती, आणि बॅटरी बदलल्याची नोंद गाडीच्या संगणकात केलेली नव्हती. संगणक जुन्या बॅटरीच्या हिशेबाने निर्णय घेत होता. त्या संध्याकाळी दिवे, वायपर, काचेवरचे दव घालविणारा पंखा, सर्व चालू होते. बॅटरीने वाट पाहण्यातच आपले बळ घालविले. गॅरेजवाल्याला दोष देणे सोपे आहे. पण ते बिल मी पाहिले होते, वाचलेले पैसे पाहून मला बरे वाटले होते. मी या विषयाचा शिक्षक होतो आणि तरीही विचारले नव्हते.

चूक नेहमी मालकाचीच असते असे मात्र नव्हे. होंडा कंपनीच्या काही गाड्या थांब्यानंतर पुन्हा सुरू होत नाहीत अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०२२ साली चौकशी आरंभिली आणि २०२५ पर्यंत तिचा आवाका वीस लाखांहून अधिक गाड्यांपर्यंत वाढला. तात्पर्य, मोठ्या कंपन्यांनाही हे कोडे सहज सुटलेले नाही.

७. सुरतेच्या रस्त्यावरील तोटे

आता तोट्यांकडे पाहू. पहिला तोटा उकाड्याचा. साध्या गाडीत वातानुकूलनाचा काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन थांबले की गार हवा थांबते. म्हणून उन्हाळ्यात एकतर यंत्रणा इंजिन थांबवीतच नाही, किंवा थांबविते आणि आतील माणसे घामाघूम होतात. पहिल्या प्रकारात बचत नाही, दुसऱ्यात सुख नाही. विजेवर चालणारा काँप्रेसर असलेल्या पूर्ण हायब्रिड गाड्यांत हा तोटा उरत नाही, पण त्यांची किंमतही तशीच.

दुसरा तोटा पाण्याचा. साचलेल्या पाण्यात इंजिन चालू असते तोवर सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर पाण्याला आत येऊ देत नाही. तेथे इंजिन आपोआप थांबणे धोक्याचे. म्हणून पाण्यात गाडी घालण्यापूर्वी बटण दाबून यंत्रणा बंद करावी. आपल्या गावात पावसाळ्याचे चार महिने हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तिसरा तोटा दूरदृष्टीच्या अभावाचा. गरम इंजिन पुन्हा सुरू करण्यास जेवढे इंधन लागते ते दहा सेकंद उभ्याने जळणाऱ्या इंधनाहून कमी असते. म्हणजे थांबा दहा सेकंदांहून मोठा असेल तरच खरा लाभ. सिग्नलवरचे उलटे मोजणारे आकडे पाहून माणसाला कळते की नव्वद सेकंद आहेत की पाच. यंत्रणेला ते कळत नाही. रिंग रोडवरच्या सरकत्या गर्दीत ती दोन-दोन सेकंदांसाठी इंजिन बंद करते आणि झीज तेवढी पदरात टाकते.

आणि लाभ? छोट्या पेट्रोल गाडीस उभ्याने तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल लागते. मिनिटाला दहा मिलिलिटर धरले आणि रोज पंधरा मिनिटे इंजिन बंद राहिले, तर वर्षाच्या तीनशे दिवसांत ४५ लिटर वाचतात. लिटरला शंभर रुपये धरल्यास साडेचार हजार रुपये. ही रक्कम लहान नाही. परंतु उकाड्यामुळे यंत्रणा निम्मा वेळ गप्प राहिली तर बचतही निम्मी, आणि तीन-चार वर्षांनी महागडी बॅटरी आलीच. हिशेब तोट्याचा नाही, पण जाहिरातीत दिसतो तेवढा घसघशीतही नाही. मात्र त्या ४५ लिटरांचा धूर चौकात उभ्या असलेल्या दुसऱ्यांच्या नाकात गेला नाही, हा लाभ मालकाच्या वहीत कधीच दिसत नाही. २००१ साली चोवीस लाख वस्तीचे हे शहर २०११ मध्ये चव्वेचाळीस लाखांवर गेले आणि त्यानंतरही वाढतच राहिले. सिग्नलवर उभा असलेला हवालदार, फेरीवाला, रिक्षावाला यांच्यासाठी हा लाभ मोठा आहे. म्हणून यंत्रणा निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही.

८. समारोप

मित्रहो, हँडल कोठे गेले, याचे उत्तर आता देता येईल. हँडल मोडीत गेले नाही, ते वाटले गेले. त्याचा काही भाग बॅटरीत गेला, काही संवेदकात, काही संगणकातील नोंदीत, आणि काही गॅरेजमधील त्या माणसाच्या प्रामाणिकपणात. आबांच्या रिक्षात थांबविणारा हात आणि सुरू करणारा हात एकच होता. म्हणून इंजिन थांबविताना ते पुन्हा लागेल की नाही हे त्यांना ठाऊक असे. आज थांबविणारा एक, सुरू करणारा दुसरा आणि त्या दोघांची देखभाल करणारा तिसरा. या तिघांपैकी एकाने कसूर केली की गाडी गरनाळ्यात उभी राहते.

विजेच्या गाड्या वाढतील तसा हा प्रश्न मागे पडेल, कारण उभ्या राहिलेल्या विजेच्या मोटरला फुकाचे धडधडावे लागत नाही. आपल्या महानगरपालिकेने २०२१ मध्येच विद्युत-वाहनांचे धोरण जाहीर केले आहे. परंतु पेट्रोल-डिझेलच्या गाड्या अजून बरीच वर्षे आपल्या रस्त्यांवर राहतील. तोवर जुन्या-नव्या प्रत्येक गाडीमालकाला माझे एवढेच सांगणे आहे: बॅटरी योग्य जातीचीच घ्या, बदलल्याची नोंद करून घ्या, पाण्यात शिरताना बटण दाबा, आणि यंत्रणा थांबण्यास नकार देत असेल तर तिच्यावर न चिडता बॅटरी तपासा.

आबा त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी गेले. शेवटपर्यंत माझ्या गाडीत बसले की सिग्नलला इंजिन बंद होताच ते माझ्या डाव्या हाताकडे पाहत आणि इंजिन पुन्हा लागेपर्यंत नजर काढीत नसत. आमच्या गुरुजींची आणि त्यांची कधी भेट झाली नाही. परंतु एकाने प्रयोगशाळेत आणि दुसऱ्याने रेल्वेच्या फाटकाशी मला एकच गोष्ट शिकविली: जे थांबवायचे ते पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी घेऊनच थांबवावे.